एका प्लेटीत सहा तंगड्या

देवाने कोंबडीला दोनच पाय दिले, ही आमच्या घरातली मुख्य अडचण होती. बकऱ्याला चार देताना त्याचा हात आखडला नाही, कोंबडीच्या वेळी मात्र काटकसर सुचली. दर रविवारी दुपारी घाटकोपरच्या भटवाडीत, आमच्या दीड खोलीत, एका कोंबडीची वाटणी व्हायची आणि एखाद्या संस्थानात नसेल एवढा मानपान त्यात पाळला जायचा. एक तंगडी बाबांची, कारण ते कर्ते. दुसरी माझी, कारण मी मुलगा. कलेजी ताईची, कारण तिच्या अंगात रक्त कमी आहे असं एकदा कुठलासा डॉक्टर म्हणाला होता. मान, पाठ आणि दोन्ही पंख आईचे, कारण आईला पंखच आवडतात. हे आईनेच सांगितलं होतं आणि त्याची शहानिशा करावी असं कोणाला वाटलं नाही. आमचं घर तसं फार विश्वासू.

पाहुणा आला की माझी तंगडी जायची. पाहुणा जावई असेल तर बाबांचीसुद्धा. आमच्याकडे कणकवलीच्या बाजूला जावयाच्या ताटात तंगडी नसणं म्हणजे त्याच्या श्रीमुखात देण्यासारखंच. आत्याचे यजमान वर्षातून तीनदा यायचे आणि दोन्ही तंगड्या डोळे मिटून चोखायचे. मी समोर बसून त्यांचे मिटलेले डोळे बघायचो. ते वारले तेव्हा मला वाईट वाटलं, पण जेवढं वाटायला हवं तेवढं नाही, हे आता कबूल करायला हरकत नाही.

तर अशा घरातल्या मुलाला चिकन लॉलीपॉप भेटलं.

गिरण्यांचा संप होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. बाबांची गिरणी गेली ती गेलीच, आणि ते विक्रोळीच्या एका कारखान्यात टाइमकीपर म्हणून लागले होते. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होतो. ते का, हे मला आणि प्राणिशास्त्राला दोघांनाही माहीत नव्हतं. आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एक लाँड्री होती. ती एक दिवस बंद झाली, आतून हातोड्यांचे आवाज आले आणि महिन्याभराने तिथे चीन उगवला. भिंतींना देवीच्या मंडपाला लावतात तसला लाल ऑइलपेंट, छताला कागदी कंदील, दाराला मण्यांचा पडदा. पाटीवरचा ड्रॅगन आमच्या गणपती मंडळाचे बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरनेच काढला होता. त्याने आयुष्यभर देवीचा सिंह काढलेला, त्यामुळे ड्रॅगनला आयाळ होती आणि चेहऱ्यावर भक्तिभाव होता. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात लाँड्रीचा ‘अर्जंट’ हा शब्द पांढऱ्या रंगाखालून अजून डोकावत होता. मालक कुडाळचा. कुक दार्जिलिंगकडचा, पण भटवाडीने एकमताने त्याला चिनी ठरवून टाकलं होतं. त्याचं मत कोणी विचारलं नाही.

तिथली खासियत एकच. हाडाचा दांडा, त्याला चांदीचा कागद गुंडाळलेला, वर लालभडक मांसाचा गोळा, सोबत त्याहून लाल चटणी. एका प्लेटीत सहा. मित्रांनी मला पहिल्यांदा नेलं तेव्हा मी त्या प्लेटीकडे बघतच राहिलो. हाड आहे, हाडाच्या टोकाला मांस आहे, म्हणजे तंगडी आहे. सहा तंगड्या. त्यातली कुठलीही आत्याच्या यजमानांना द्यायची नव्हती. चटणीचा लाल रंग दुसऱ्या दिवसापर्यंत बोटांवरून जायचा नाही, त्यामुळे मी पकडलो गेलो. बाबांना आधी वाटलं मी गुटखा-बिटखा खायला लागलो. मग खरं कळलं, तेव्हा बाहेरचं खाणं कसं वाईट यावर त्यांनी मला अर्धा तास ऐकवलं आणि पाहणी करायला म्हणून माझ्याबरोबर आले. पाहणी करता करता चार खाल्ली.

“एका प्लेटीत तीन कोंबड्या,” ते हाड प्लेटीत ठेवत म्हणाले. तंगड्या एवढ्या लहान कशा, ही शंका त्यांना आली, पण तिचं उत्तरही त्यांनीच दिलं. चिनी कोंबडीची जातच बारीक असते म्हणे. बाबांनी चिनी कोंबडी आणि चीन यांपैकी काहीही पाहिलेलं नव्हतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, हा त्यांचा स्वभावच होता. मी मान डोलावली. त्याच आठवड्यात मी जर्नलमध्ये पक्ष्याच्या पंखाची हाडं काढून, प्रत्येकाला बाण मारून नाव दिलं होतं आणि सरांनी खाली ‘छान’ असा शेरा मारला होता. शिक्षण वाया जाणं म्हणजे काय, हे मला तेव्हापासून नीट माहीत आहे.

त्याच सुमारास ताईचं लग्न ठरत होतं. ठरत होतं म्हणजे चौथ्यांदा ठरत होतं. ताई सव्वीसची, एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर. आधीची तीन स्थळं अशाच भारदस्त कारणांनी मोडली होती. एकदा मुलाच्या काकांना दांडी तुटलेला कप गेला. एकदा कोणाला तरी उठून दारापर्यंत सोडायला कोणी गेलं नाही. तिसऱ्यांदा कारण काय ते कळवण्याचीही तसदी कोणी घेतली नाही. हा चौथा मुलगा मुलुंडचा, ड्राफ्ट्समन, कमी बोलणारा. ताईला तो आवडला होता. हे तिने मला गॅलरीत कपडे वाळत घालताना सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता. वर म्हणाली, “हे मोडलं ना, तर मी परत कोणासमोर पोहे घेऊन बसणार नाही. तू सांग बाबांना.” मी बाबांना सांगितलं नाही. पण ती खोटं बोलत नव्हती, हे मला कळलं होतं.

मुलगा चांगला होता, पण मुलाला मामा होता. वडील लहानपणीच गेलेले, मामाने वाढवलेलं, त्यामुळे मामाचा शब्द शेवटचा. मामा कुठल्याशा खात्यात हेडक्लार्क होते आणि खात्यात अर्जातल्या चुका काढायच्या तशाच ते माणसांत काढायचे. भाच्याचं आधीचं एक स्थळ त्यांनीच मोडलं होतं. मुलीकडच्यांनी त्यांच्या ताटात मीठ डाव्याऐवजी उजव्या बाजूला वाढलं होतं, असं आमच्या कानावर आलं होतं. साखरपुड्याची तारीख ठरवायच्या आधी दोन्ही घरं एकदा एकत्र जेवतील असं ठरलं, आणि बाबांची झोप उडाली.

कारण पुन्हा तेच. कोंबडी एक, तंगड्या दोन. एक होणाऱ्या जावयाची, एक मामांची, इथवर ठीक. पण मग मुलीच्या बापाच्या ताटात काहीच नाही. ते मामांच्या नजरेत भरलं तर बाप दरिद्री दिसणार. दोन कोंबड्या कराव्यात तर मामा म्हणणार, उधळे आहेत. आईने सुचवलं की मोरी मासा करू, त्याला पायच नसतात. बाबांनी तिच्याकडे असं बघितलं की ती पुढे बोलली नाही. दोन दिवसांनी मात्र ते कारखान्यातून आले तेच खुशीत. ज्याला तंगडी नाही असा माणूस त्या जेवणात असणारच नाही, असा तोडगा त्यांना सापडला होता. मुलाची आई बाहेरचं खात नसे, म्हणजे आपण सहा जण, एका प्लेटीत सहा. जावयालाही तंगडी, मामांनाही, बायकांनाही. सगळ्या जगात कोणी जावयाचा असा मान केला नसेल. शिवाय मॉडर्न.

मग वार ठरेना. सोमवार बाबांचा शंकराचा, गुरुवार मामांचा दत्ताचा, शनिवारी मारुती, मंगळवारी मुलाची आई गणपतीसाठी कोणाला सामिष खाऊ देत नसे, शुक्रवार आमच्या आईचा, रविवारी नेमकी संकष्टी. एवढे देव एका कोंबडीच्या राखणीला बसलेले असूनही ती कशी मरते, हे मला कधी समजलं नाही. उरला बुधवार. संध्याकाळी सात वाजता, कामावरून परस्पर.

आई त्याआधी कधी हॉटेलात जेवलेली नव्हती. तिने लग्नातली हिरवी साडी नेसली, अंबाड्यात अबोलीचा वळेसर माळला आणि निघताना गॅस बंद केलाय का हे तीनदा पाहून आली. ताईचा चेहरा परीक्षेला जाताना असतो तसा. मालकाने दोन टेबलं जोडून ठेवली होती आणि वर प्लॅस्टिकचं फूल. मामा मण्यांच्या पडद्यात अडकले, तेव्हा आम्ही सगळे श्वास धरून उभे राहिलो. पण ते मण्यांची एकेक सर हाताने बाजूला करत आत आले.

प्लेट आली. बाबा उभे राहिले. त्यांना बसूनही सांगता आलं असतं, पण नाही. आमच्याकडे असं लहान-मोठं काही नाही, सगळ्यांना सारखी तंगडी, असं एक छोटं भाषण त्यांनी केलं. पहिलं लॉलीपॉप स्वतःच्या हाताने मुलाच्या प्लेटीत ठेवलं, दुसरं मामांच्या. मामांनी ते चांदीच्या कागदाला धरून सगळीकडून तपासलं आणि खाल्लं. मग हळूच दुसऱ्या प्लेटीची वाट बघायला लागले. ती आली, पाठोपाठ तिसरीही आली. वातावरण बदललं. मामा कोकण, गाडीची तिकिटं, खात्यातलं राजकारण यावर बोलायला लागले. ताईने पहिल्यांदाच पाठ टेकली.

माझं लक्ष तेवढ्यात आईकडे गेलं. तिने एक घास घेतला होता आणि ती थांबली होती. तिने चांदीचा कागद थोडा सोडवला, हाडाचं टोक पाहिलं, सांध्यावरून अंगठा फिरवला आणि कागद परत होता तसा गुंडाळून ठेवला. मग पुढचा घास घेतला. मला वाटलं, तिला तिखट लागलं असेल.

आता इथे माणूस गप्प बसला असता तर माझ्या ताईच्या लग्नात हा विषयच आला नसता. पण हात दाखवून अवलक्षण केल्याशिवाय बाबांना चैन पडत नाही. त्यांनी मालकाला टेबलाशी बोलावलं, गाववाला म्हणून ओळख करून दिली आणि विचारलं, ही एवढी बारीक जातीची कोंबडी आणता तरी कुठून. मालक बिचारा प्रामाणिक आणि वर आपल्या धंद्याचा अभिमानी. असल्या माणसापासून देव वाचवो. तो म्हणाला, कोंबडी आपली नेहमीचीच, हे तिचे पंख आहेत. बाबा हसले. मालकाला वाटलं, विश्वास बसत नाहीये. तो आत गेला आणि एका बशीत कच्चा पंख आणि छोटी सुरी घेऊन आला. आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्याने सांध्यापाशी चीर दिली आणि सदऱ्याची बाही वर सरकवावी तसं सगळं मांस हाडावरून वर सरकवून टोकाला गोळा केलं. लॉलीपॉप झालं. त्याने ते कौतुकाने मामांसमोर धरलं.

मामांनी हातातलं चौथं लॉलीपॉप प्लेटीत ठेवलं. हो, चौथं. रुमालाने एकेक बोट पुसलं.

“जावयाला पंख वाढलेत तुम्ही,” ते म्हणाले. आवाज चढवला नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं की त्यांच्या गावात पंख खालच्या माणसांना वाढायची पद्धत आहे, आणि जावयाला तर कधीच देत नाहीत, कारण पंख खाल्लेला माणूस घराला धरून राहत नाही, उडून जातो. अपशकुन आहे तो. मी कोकणात प्रत्येक मे महिना काढलाय आणि असला शकुन मी ना त्याआधी ऐकला ना नंतर. तो मामांनी त्या टेबलावरच, तीन लॉलीपॉप पोटात असताना, ताजा ताजा बनवला असावा. पण त्या क्षणी ते कोण बोलणार. बाबांचा चेहरा भिंतीसारखा लाल झाला होता. त्यांना हे माहीत नव्हतं, त्यांना खरंच तंगडीच वाटली होती, हे त्यांना सांगायचं होतं, पण ते सांगितलं की बावळट ठरणार आणि नाही सांगितलं की लबाड. मुलगा मामांकडे बघत होता. ताई टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या फुलाकडे बघत होती. तिने पर्सचा बंद मनगटाभोवती गुंडाळायला घेतला होता, माणूस निघायच्या वेळी गुंडाळतो तसा. कप, दार, आता कोंबडी.

मामा खुर्ची मागे सरकवत होते, तेवढ्यात आई बोलली.

आमच्या घरात पाहुण्यांसमोर शुद्ध बोलायचा दंडक होता. बाबांनीच घातलेला. आई त्यामुळे पाहुण्यांसमोर बहुधा बोलतच नसे. त्या दिवशी ती बोलली ती सरळ तिच्या माहेरच्या भाषेत.

“मी अठ्ठावीस वर्सां पंखच खातंय, भावजी,” ती म्हणाली. “मी खंय उडान गेलंय?”

ती चिडून बोलली नव्हती. बाजारभाव विचारावा तशी विचारत होती. तिला खरंच उत्तर हवं होतं असं वाटलं. अर्जात ही चूक कुठल्या रकान्यात बसते, ते मामांना सापडत नसावं. बाबांनी खाली बघितलं. मी माझ्या प्लेटीकडे बघितलं. तीन हाडं होती.

मग तो कमी बोलणारा मुलगा बोलला. त्याने आईला विचारलं, “म्हणजे तुम्ही तंगडी खातच नाही?”

“आवडत नाही तिला,” बाबा घाईने म्हणाले.

“कशी लागता ता म्हायत नाय,” आई म्हणाली. तेही तितक्याच साधेपणाने.

मुलाने हात पुढे करून मामांनी टाकून दिलेलं लॉलीपॉप उचललं आणि खायला लागला. नीट, सावकाश, हाड स्वच्छ होईपर्यंत. खाऊन झाल्यावर मामांना म्हणाला, “मामा, बसा ना. अजून एक प्लेट सांगितली आहे.” मामा अर्धवट उठलेले होते. आत कढईत काहीतरी चुरचुरलं, आलं-लसणीचा वास आला. मग ते बसले. तत्त्वांचं मला माहीत नाही, पण भूक त्यांना होती. ताईने पर्सचा बंद मनगटावरून सोडवला. साखरपुडा पुढच्या महिन्यात झाला, त्यात मामांनी नारळ ठेवण्याच्या दिशेवरून वाद घातला, पण तो आपला सवयीचा.

घरी परतताना मी आईला विचारलं, तुला कधी कळलं. ती म्हणाली, पहिल्याच घासाला. मग बोलली का नाहीस, तर म्हणाली, सगळे इतके खुशीत खात होते, कशाला. मी जर्नलमध्ये जी हाडं बाण मारून काढली होती ती तिच्या जिभेला माहीत होती. तिला ‘छान’ असा शेरा कोणी दिला नव्हता. मला त्या रात्री स्वतःची शरम वाटली. ती रविवारपर्यंत टिकली.

रविवारी कोंबडी आली. मला वाटलं, बाबा आज आपली तंगडी आईच्या ताटात ठेवतील. बाबांना बहुतेक वाटलं, मी ठेवीन. आम्ही दोघांनी एकमेकांची बरीच वाट पाहिली. मग रस्सा गार व्हायला लागला, म्हणून बाबांनी त्यांची खाल्ली आणि मी माझी. आई पंख खात होती. तिने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

लग्नानंतर पहिल्या दिवाळीला ताई आणि तिचा नवरा आले. आईने वडे केले, कोंबडी केली आणि रीतीप्रमाणे दोन्ही तंगड्या जावयाच्या ताटात वाढल्या. त्याने एक उचलली, उठला, शेगडीपाशी गेला आणि आईसमोरच्या रिकाम्या ताटात ठेवली. दुसरी ताईच्या ताटात. कोणाला काही बोलायची संधी न देता परत येऊन बसला आणि त्याने पंख मागितला. आई गोरीमोरी झाली, नको नको म्हणाली, शेवटी पाठमोरी बसून ती तंगडी खायला लागली. आम्ही सगळे तिच्या पाठीकडे बघत जेवत होतो. बऱ्याच वेळाने बाबांनी, घसा खाकरून, कशी आहे असं विचारलं.

“चिवट आसा,” आई वळून न बघता म्हणाली. “ह्याच्यासाठी तुमी इतकी वर्सां भांडत होतास?”

सगळे हसले. मीही हसलो. ती हे आमच्या समाधानासाठी म्हणाली की खरंच तसं होतं, ते कळायला काही मार्ग नव्हता, कारण पंख आवडतात हेही तिनेच सांगितलं होतं. जेवणं झाल्यावर ताटं उचलायला मी आत गेलो. तिच्या ताटातलं हाड मी पाहिलं. त्याची दोन्ही टोकं चावून, आतला मगज ओढून, ते पार पांढरं केलेलं होतं.